बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवाल्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

वडिलांचं नावेला मागं लावायचं जॉन्सन इंजिन चालू झालं हे फोनवर सांगितलंच, पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठी अशी जुनी नावेची इंजिनं आजही पोत्यात गुंडाळून पडलेली आहेत. ती भंगारात जायच्या आधी तुमच्या हातचं काम लोकांना कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

आमच्याकडे कल्लोळ-येडूर बंधारा दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर मळ्यातल्या वस्त्या आणि गाव यांच्यामध्ये नुसतं पाणीच होतं. त्या वेळी घरात नाव होती आणि इंजिन बंद होतं. ती रुखरुख मला सोडत नव्हती.

इंजिन अमेरिकन, १९५० च्या दशकातलं, दहा हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. सगळे आटे इंची. बनवणारी मूळ कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली. मॅन्युअलमध्ये प्रत्येक कामाला खास हत्यार आणि त्याचा नंबर दिलेला, पण ती हत्यारं इकडं कुठं मिळणार? एका ठिकाणी फ्लायव्हीलच्या दोन बाजूंनी पहार घालून उचकटायची तयारी झाली होती. मी इंजिन उचलून तुमच्याकडे आलो, ते किती बरं झालं! त्या चाकाखालीच ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या कॉइल, पॉइंट, कंडेन्सर असतात. कडेला जोर लागला असता तर चाक वाकलं असतं आणि कॉइलही गेल्या असत्या.

तुम्ही चाकाच्या मधल्या भागातली आट्यांची तीन भोकं दाखवलीत. त्यांच्यावर कागद ठेवून ग्रीसच्या बोटानं ठसा घेतलात, भंगारातला बारा मिलीमीटरचा प्लेटचा तुकडा शोधलात, ठशावरून भोकं पाडलीत, आणि मधोमध शाफ्टवर दाब देणारा एक बोल्ट बसवलात. बाजारातले मिलीमीटरचे बोल्ट त्या आट्यांत बसेनात, तेव्हा तीन बोल्टांना लेथवर इंची आटे पाडून दिलेत. चाक धरायला जुन्या सीट बेल्टचा पट्टा आणि लाकडी दांडा. शाफ्टचा नट पूर्ण काढू दिला नाहीत, तो टोकाशी बरोबरीला आणून ठेवायला लावलात, म्हणजे मधल्या बोल्टच्या दाबानं शाफ्टचे आटे फुटू नयेत. मी पान्याला जोर लावायला लागलो की तुम्ही म्हणायचात, “निधान (म्हणजे कानडीत सावकाश). गडबड नको.” मग मधल्या बोल्टच्या डोक्यावर हातोडीचा एकच नेमका ठोका, आणि इतकी वर्षं शाफ्टच्या निमुळत्या टेपरवर घट्ट बसलेलं चाक टक्कन सुटलं. मामा, मला त्या क्षणी वडिलांची फार आठवण झाली.

पिस्टन आत घालताना रिंगा दाबायला तुम्ही तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याला होज क्लिप लावलीत. खाचेतल्या छोट्या पिनेशी रिंगेची तोंडं आली आहेत ना, हे मला दोनदा बघायला लावलंत. रिंग फिरली तर तिचं टोक पोर्टच्या खिडकीत अडकून मोडतं. हेड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलं. पॉइंटचा गॅप ०.०२० इंच, म्हणजे आपल्या गेजनं साधारण अर्धा मिलीमीटर.

सगळ्यात मोठं काम गिअरबॉक्सचं. आतलं तेल दुधासारखं पांढरं झालेलं, म्हणजे पाणी शिरत होतं, पण कुठून ते कळेना. तुम्ही एका बोल्टला आरपार भोक पाडून त्यावर सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह ब्रेझिंग करून बसवलात. तो तेलाच्या प्लगच्या जागी घट्ट केला, पंपानं अगदी थोडी हवा भरली आणि गिअरबॉक्स पाण्याच्या बादलीत धरला. पंख्याच्या शाफ्टपाशी बुडबुडे आले. व्हर्नियरनं माप घेऊन त्याच मापाचं सील तुम्ही बेळगावातल्या बेअरिंगच्या दुकानातून मागवलंत, आणि ते तिरकं बसू नये म्हणून नायलॉनचा ठोकणा खास लेथवर काढलात. एवढ्या एका सीलसाठी! परदेशातून मागवलेल्या महागड्या टेस्टरनं यापेक्षा वेगळं काही सांगितलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

या सगळ्याचे तुम्ही फक्त ब्रेझिंगचे आणि सीलचे पैसे घेतलेत. तुमच्या लेथवर कारखान्यांची कामं ताटकळत होती, ती मला दिसत होती. तरी मला हाकललं नाहीत, आणि प्रत्येक गोष्ट माझ्याच हातानं करून घेतलीत. त्याबद्दल मी तुमचा मनापासून ऋणी आहे.

आता पिंपात उभं करून चालवलं तर इंजिन लगेच पकडतं, इंजिन थंड ठेवणारं पाणी मागून व्यवस्थित पडतं, आणि गिअरबॉक्सचं तेल स्वच्छ आहे. तुम्ही केलेली प्लेट आमच्या शेजारच्यांना हवी आहे. त्यांच्या इंजिनाच्या भोकांचं अंतर वेगळं आहे, म्हणून ठसा घेऊन त्यांना तुमच्याकडे पाठवतो आहे. आणि पाणी उतरलं की मामींना घेऊन येडूरच्या वीरभद्राच्या दर्शनाला या. नदीकाठापासून पुढं मी तुम्हाला नावेनं नेईन.

तुमचा भाचा,
कृष्णाकाठचा