डोंगराचा वास गवतातही आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत डोंगरातील फुलांवरून सुचलेल्या आणि मुद्दाम मंद ठेवलेल्या एका पर्फ्युमविषयीचे टिपण वाचले. मंद सुगंधाचे हे कौतुक विदर्भातल्या वाचकाला विशेष पटावे. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की अंगावरचे अत्तर भराभर उडू लागते आणि लग्नाच्या मांडवात चार उग्र वास एकत्र आले की डोके धरते. टिपणात डोंगर म्हणून आल्प्स आणि हिमालय आले, सातपुडा मात्र राहिला, म्हणून हे पत्र.

चिखलदऱ्याच्या वाटेवर करवंदीच्या जाळ्या फुलतात तेव्हा जाईशी नाते सांगणारा त्यांचा वास वळणावळणावर येऊन जातो. मागोमाग पांढरा कुडा फुलतो, आणि सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या त्या गावाच्या परिसरातील कॉफीची झाडे उन्हाळी सरीनंतर मोजके दिवस पांढरी होतात. या तिन्हींचा वास अंगावर येत नाही. मोहाचा येतो, म्हणून त्याला या यादीतून मी आदरपूर्वक वगळतो.

अडचण अशी की, नाजूक फुलांचा वास भट्टीत सहसा टिकत नाही. कनौजचे कारागीर तांब्याच्या डेगेत गुलाब किंवा केवडा उकळून त्याची वाफ चंदनाचे तेल भरलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ झेलणाऱ्या भांड्यात, उतरवतात. पण हे प्रत्येक फुलाला सोसत नाही. युरोपातील रानांत उमलणाऱ्या लिली ऑफ द व्हॅलीपासून तर वापरण्याजोगा अर्क मिळतच नाही, आणि १९५६ सालच्या ‘दिओरिसिमो’ या पर्फ्युममध्ये त्याचे निर्माते एडमाँ रूदनित्स्का यांना तो वास इतर द्रव्यांतून जुळवावा लागला. अशा जुळणीत दीर्घकाळ वापरात असलेले हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल हे द्रव्य सिट्रोनेला गवताच्या तेलापासून करता येते. म्हणजे ज्या सुगंधाला आपण डोंगरातले फूल म्हणून दाद देतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा गवत असते.

त्याच कुळीतील तिखाडी, म्हणजेच रोशा गवत, सातपुड्याच्या उतारांवर आपसूक वाढते. तिच्या तेलात जिरॅनिऑल हे गुलाबातही असणारे द्रव्य मुख्य असते. एकेकाळी खानदेश-निमाडाकडे काढलेले हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई व तेथे गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळले जाई. सातपुड्याच्या गवताने परक्या नावाखाली किती श्रीमंतांचे रुमाल सुगंधित केले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही!

त्यामुळे मेळघाटातील सुगंध बाटलीत आणायचा असेल तर जंगलातील फुले ओरबाडण्याचे कारण नाही. करवंदीचे फूल तोडले तर करवंद कोठून येणार, हा साधा प्रश्न आहेच. शिवाय हा व्याघ्र प्रकल्पाचा प्रदेश आहे. तिखाडी कोरडवाहू आणि हलक्या जमिनीत येते, एकदा लावली की काही वर्षे टिकते, आणि वासामुळे जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. फुलोऱ्यावर कापून वाफेने तिचे तेल काढावे लागते व त्यासाठीचे संयंत्र एकट्या शेतकऱ्याला परवडणारे नसते. आमच्या अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्काच्या जमिनीवरील सीताफळांना स्वतः बाजार मिळवून दिला. कृषी खात्याने अशा ग्रामसभांना एक सामाईक संयंत्र द्यावे आणि तेलाची प्रत तपासून देण्याची सोय तालुक्यातच करावी. तेलाच्या शुद्धतेवर भाव ठरतो आणि तपासणी व्यापाऱ्याच्या हाती राहिली तर भावही त्याच्याच हाती राहतो.

सुगंध तयार करणाऱ्यांनीही तिखाडीच्या पायावर करवंदीचा आणि कॉफीच्या बहराचा वास जुळवून पाहावा. त्यात करवंदीचे एकही फूल नसले तरी चालेल, मात्र बाटलीवर तसे स्पष्ट लिहावे आणि तेल कोणत्या गावचे आहे तेही छापावे.

आपला,
एक वाचक, परतवाडा (जि. अमरावती)