आमच्या ताईंना विचारणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार. दवाखान्यातला कॉम्प्युटर बंद पडतो यात जगावेगळं काही नाही. तरी त्यापायी आमचे काय हाल झाले आणि त्यातून तुम्ही आम्हाला कसं बाहेर काढलंत, हे दातांच्या प्रत्येक डॉक्टरने वाचावं असं मला वाटतं.

चिपळूणकरांना 22 जुलै 2021 ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि माझ्या तळमजल्यावरच्या दवाखान्यातलं केसपेपरचं कपाट त्यात बुडालं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर आत चिखलात कालवलेला कागदाचा लगदा होता. कोणाच्या कुठल्या दाढेचं रूट कॅनाल अर्धवट आहे, कोणाला पेनिसिलिन चालत नाही, कोण रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतं, सगळं त्यात गेलं. दात काढायच्या आधी हे माहीत नसेल तर काय होऊ शकतं, हे कोणत्याही डेंटिस्टला विचारा. तेव्हाच ठरवलं की यापुढे नोंदी कॉम्प्युटरवर. त्यामुळे दवाखान्याच्या नोंदींचं सॉफ्टवेअर मी बिलं छापायची सोय म्हणून घेतलं नव्हतं. त्यात माझ्या पेशंटची सुरक्षितता होती.

आणि नेमकं तिथेच आम्हाला वाऱ्यावर सोडलं गेलं. मोठ्या शहरातल्या एका दुकानाने दवाखाना न बघता, काम काय चालतं ते न विचारता, एका बाजूला काच आणि आत रंगीत दिवे असलेला कॉम्प्युटरचा भलामोठा कॅबिनेट पाठवून दिला. त्यात गेम खेळणाऱ्यांचं महागडं ग्राफिक्स कार्ड. जबड्याची थ्रीडी चित्रं फिरवून बघायची असती, सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी स्कॅनचं यंत्र असतं, तर त्याचा उपयोग होता. माझ्याकडे ते नाही. अपॉइंटमेंट, केसपेपर, बिल आणि एकेका दाताचा एक्स-रे, एवढ्याला ते कार्ड लागत नाही, हे तुम्ही सांगेपर्यंत मला एकानेही सांगितलं नव्हतं. त्या पैशांत चांगला यूपीएस, म्हणजे लाइट गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, आला असता. यूपीएसचं तर त्यांनी नावही काढलं नव्हतं.

मग ते यंत्र मधूनच मिटायला लागलं, आणि तेही कधी, तर पेशंटचं तोंड उघडं असताना. रूट कॅनालमध्ये दातात फाइल, म्हणजे मुळाची नळी साफ करायची बारीक सुई, ठेवून एक्स-रे काढावा लागतो, मूळ किती खोल आहे ते बघायला. पेशंटने एक्स-रेचा सेन्सर तोंडात धरलेला, दाताभोवती रबर डॅमचा पडदा लावलेला, मी बटण दाबलं आणि समोरची स्क्रीन काळी. म्हणजे एक्स-रे पुन्हा. एका दाताच्या एक्स-रेचा डोस अगदी थोडा असतो, पण विनाकारण दुसऱ्यांदा द्यायचा नाही हे आम्ही कॉलेजात शिकतो. एकदा एका लहान मुलीने तो टोचणारा सेन्सर डोळ्यांतून पाणी येत असताना शहाण्यासारखा धरून ठेवला, आणि फोटो आलाच नाही. तिला परत तोंड उघडायला सांगताना मला जे वाटलं, ते त्या दुकानदाराला एकदा तरी वाटायला हवं होतं.

दुकानाला फोन केला की ते म्हणणार सॉफ्टवेअरचा दोष. सॉफ्टवेअरवाले म्हणणार हार्डवेअरचा. शेवटी दुकानाचा एक मुलगा आला, पाच मिनिटं इकडेतिकडे क्लिक केलं, आणि बाकावरच्या पेशंटना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या बाई काहीतरी दाबत असतील.’ आमच्या मदतनीस ताई, ज्यांनी पुरानंतर एकेक अवजार घासून, उकळून पुन्हा ट्रेमध्ये लावलं, त्या दिवसापासून कीबोर्डच्या जवळ जाईनाशा झाल्या.

तुम्ही तर आईंच्या कवळीचं माप द्यायला आला होतात. पतसंस्थांचे कॉम्प्युटर सांभाळता हेही तेव्हा मला माहीत नव्हतं. स्क्रीन मिटली, माझा चेहरा पडला, आणि तुम्ही विचारलंत, ‘बघू का?’ मला वाटलं, आता कॅबिनेट उघडणार. तुम्ही त्याला हातही लावला नाहीत. ताईंकडे वळलात आणि म्हणालात, ‘ताई, तुम्ही दिवसभर इथेच असता. हे बंद पडतं तेव्हा खोलीत आणखी काय चालू असतं?’

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत, खिशातली छोटी डायरी काढलीत आणि म्हणालात, ‘तुम्ही सांगा, मी लिहितो.’ मग ताई बसल्या आणि हळूहळू बोलायला लागल्या. बाथरूममागचा हवेचा कॉम्प्रेसर घुर्र करून सुरू झाला की दिवा जरा मंद होतो, आणि कधीकधी त्याच वेळी हे मिटतं. नेहमी नाही, पण दुपारी गर्दीच्या वेळी जास्त. तुम्ही खरंच ओळ न् ओळ लिहून घेतलीत. टाकीतली हवा सोडून कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायला लावलात, एकदा, दोनदा, आणि मग आमच्या डोळ्यांसमोर ती स्क्रीन गेली. ‘ताईंनी बरोबर पकडलं,’ एवढंच म्हणालात.

दादा, यंत्र काय, कोणीतरी कधीतरी दुरुस्त केलंच असतं. पण ते वाक्य तुम्ही बाकावरच्या लोकांसमोर बोललात. ज्या जागी ताईंचा अपमान झाला होता, त्याच जागी. त्याबद्दलचे आभार शब्दांत मांडता येत नाहीत, तरी मांडते आहे.

मोटर सुरू होताना घसघशीत करंट ओढते, त्याच लाइनवर कॉम्प्युटर असेल तर व्होल्टेज दबतं, हे तुम्ही नंतर समजावलंत. त्या दिवशी तुम्ही काहीही विकत घ्यायला सांगितलं नाहीत. आधी वायरमन बोलवा, कॉम्प्रेसर आणि खुर्ची वेगळ्या लाइनवर टाका, अर्थिंग तपासून घ्या. त्यानंतर यूपीएस, आणि त्यावर फक्त कॉम्प्युटर आणि राउटर. कॅबिनेट उघडलात तेव्हा पंख्याच्या पात्यांवर प्लास्टरची पांढरी पूड बसून कडक झालेली होती, कारण दुकानाच्या माणसांनी कॅबिनेट दातांची प्लास्टरची मॉडेल घासायच्या कोपऱ्यातच ठेवला होता. तिथून खुर्चीपर्यंत पोचायला सेन्सरला दोन एक्स्टेन्शन जोडलेली. अशा यूएसबी केबलला पाच मीटरच्या पुढे भरवसा नसतो, हेही तेव्हाच कळलं. लाइट न जाताही सेन्सर मधूनच का सुटायचा, त्याचा उलगडा झाला.

नवं महाग यंत्र माझ्या गळ्यात मारायची ही उत्तम संधी होती. तुम्ही म्हणालात, ‘मशीन चांगलं आहे, टाकू नका. कार्ड काढून विका, स्क्रीनपुरतं ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे.’ आता तेच यंत्र रिसेप्शनला, डोक्याच्या वर भिंतीतल्या फळीवर आहे. सगळा डेटा त्यात, दोन एसएसडींवर, म्हणजे डेटा साठवायच्या डिस्कवर, एकाच वेळी सारखाच. वायफायऐवजी भिंतीतून केबल. खुर्चीजवळ मॉनिटरच्या मागे बसणारा छोटासा पीसी, सेन्सर थेट त्याला. ग्लोव्ह्ज घातलेल्या हातांसाठी पुसता येणारा कीबोर्ड. मॉनिटर खिडकीच्या उजेडापासून वळवलात, तेव्हापासून मुळाच्या टोकाशी असलेली बारीक सावली मला डोळे न ताणता दिसते. आणि दोन एसएसडी आहेत म्हणून बॅकअप झाला असं समजू नका, चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून पुसली जाते, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. म्हणून बाहेरच्या दोन हार्ड डिस्क आळीपाळीने, त्यातली एक कायम माझ्या घरी, चढावर, जिथे वाशिष्ठीचं पाणी पोचत नाही.

प्रत्येक वायरीवर तुम्ही मराठीत चिठ्ठ्या लावल्यात: ‘एक्स-रे सेन्सर, ओढू नये’, ‘यूपीएस, यावर कॉम्प्रेसर नको’. शनिवारी हार्ड डिस्क बदलायचं काम ताईंचं आहे. कोणी नवीन माणूस वायरीला हात लावायला गेला तर त्याच आधी विचारतात, काय करताय म्हणून.

ज्ञान असलेली माणसं खूप भेटतात. समोरच्याला काय माहीत आहे ते आधी ऐकून घेणारी फार थोडी. इतरांच्या पैशाला स्वतःच्या पैशाइतकं जपणारी त्याहून थोडी. आमच्या धंद्यातही हे शिकण्यासारखं आहे. पेशंट ‘इथे दुखतं’ म्हणतो तेव्हा एक्स-रेकडे बघायच्या आधी त्याचं पूर्ण बोलणं ऐकणारे डॉक्टर असतात, आणि न ऐकणारेही असतात. तुमच्यासारखा माणूस एखाद्या गावात असला की गावातल्या दहा दुकानांचा, पतपेढ्यांचा, दवाखान्यांचा कारभार गाजावाजा न होता सुरळीत चालतो, आणि त्याचं नाव कुठल्याही बोर्डावर नसतं.

आईंची कवळी आता बसली आहे ना? खालची थोडी टोचते म्हणत होत्या, घेऊन या, घासून देते. आणि एक विनंती आहे. दिवाळीनंतर ओपीजीचं, म्हणजे सगळ्या जबड्याचा एकत्र एक्स-रे काढायचं यंत्र घ्यायचा विचार आहे. कोटेशनं येऊन पडली आहेत, त्यात कॉम्प्युटरही सोबत देतो म्हणतात. मी अजून कशावरही सही केलेली नाही. ताईंनी त्यांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून ठेवले आहेत. तुम्ही एकदा येऊन ती यादी बघून द्याल का?

तुमची,
चिपळूणची दातांची डॉक्टर