पहाऱ्याला माणसं हवीत

राम कृष्ण हरी. समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि पोटापाण्यासाठी गोवा, पुणे, मुंबईला असलेली आपली मंडळी, सर्वांना पारायण मंडळाची विनंती.

आपल्या मराठी शाळेत तिसरीत शिकणारी मुलगी डिसेंबरात भाजली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. न्हाणीच्या चुलीवरचा उकळत्या पाण्याचा हंडा कलंडला. पाठ, डावा हात आणि डावी मांडी. अडीच महिने झाले, ती बेळगावात दवाखान्यात आहे. विठ्ठलाच्या कृपेने जीव वाचला. पण जीव वाचला हे कळलं आणि गावाची ये-जा थांबली. खरं दुखणं तिथून पुढे सुरू झालं.

दर एक दिवसाआड ड्रेसिंग असतं. जुनी पट्टी सुटताना पोर ओरडते, ते बाहेर व्हरांड्यात ऐकू येतं. तिची आई माळकरी घरातली. पहिल्याच आठवड्यात तिने गळ्यातली माळ काढून पोरीच्या उजव्या हातात दिली आणि एकेक मणी सरकवत दोघी विठ्ठल विठ्ठल म्हणू लागल्या. सुरुवातीला ड्रेसिंग सात माळांचं होतं. आता चारवर आलंय. तिथल्या कन्नड सिस्टरही आत येताना विचारतात, "एष्टु माला आय्तु?" म्हणजे किती माळा झाल्या?

तीच आई मध्यंतरी एका गोष्टीवर अडली होती. नवी कातडी धरायला अंगात ताकद हवी, रोज दोन अंडी द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरात तीन पिढ्यांत अंडं आलेलं नाही. ती रात्रभर रडली. शेवटी आमचे वीणेकरी आजोबा स्वतः बसने गेले आणि म्हणाले, "बाळ, माळ तुझ्या गळ्यात आहे, पोरीच्या नाही. औषध समजून दे." दुसऱ्या दिवशी अंडी उकडून नेली ती आजोबांच्याच घरून. त्यांनी मात्र ती हातात धरली नाहीत, डबा नातवाकडे दिला.

"कुळाचार चुकला असेल", "कुणाची तरी नजर" अशी कुजबूज गावात झाली आणि ती त्या माउलीच्या कानावर गेली. मंडळ स्पष्ट सांगतं, असलं बोलायला कुणी दवाखान्यात जाऊ नये. अंगारा न्यायचा तर कपाळापुरता न्या, जखमेजवळ नको. आणि आमचीही चूक कबूल करतो. त्या सकाळी धावत गेलेल्यांत आमचेच लोक होते आणि त्यांनी टूथपेस्ट चोपडली. भाजल्याबरोबर २० मिनिटं साधं वाहतं पाणी घालायचं असतं. पेस्ट नको, शाई नको, बर्फही नको. हे घरोघरी सांगा.

आता पैशांचं. बीपीएल कार्डावर सरकारी योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, त्यामुळे ऑपरेशनचा मोठा भार उतरला. चांगल्या मांडीची कातडी काढून हातावर आणि पाठीवर लावली आहे. पण कोपरापाशी कातडी आखडते. रोज व्यायाम करून घेतला नाही तर हात सरळ होणार नाही. जखमा भरल्यावर अंगाला घट्ट बसणारे खास कपडे दिवसातले २३ तास, वर्षभर किंवा त्याहून जास्त घालायचे आहेत. पोर वाढती, म्हणजे काही महिन्यांनी नवे शिवायचे. हा खर्च खिशातूनच होणार. बाप गवंडी, डिसेंबरपासून थापीला हात लागलेला नाही.

मंडळाने यंदा मंडप आणि साउंड सिस्टीम लहान करून ४०,००० रुपये बाजूला काढले. महाप्रसाद होईल, गोड एकच असेल. यावरून बैठकीत तासभर वाद झाला, पण ठरलं ते ठरलं. आपली रक्कम रोज भजनानंतर देवळात वहीत नोंदवून पावती घ्यावी. हिशेब पारायणाच्या काल्याला सर्वांसमोर वाचला जाईल.

पैशाइतकीच माणसं हवी आहेत. पारायणात वीणा खाली टेकत नाही, दोन-दोन तासांचा पहारा आपण वाटून घेतो. तसाच पहारा इथे लावायचा आहे, म्हणजे त्या आईला चार तास सलग झोप मिळेल. वॉर्डात बाईमाणसालाच थांबू देतात. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे सरकारी बसला राज्यातल्या बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड तेवढं बरोबर घ्या. सकाळी गेलात तर संध्याकाळी वस्तीच्या गाडीने परत येता येतं. पुरुषांनी डबा, औषधं आणि बाहेरची धावपळ बघावी. कॉलेजच्या पोरांपैकी ज्यांना कन्नड लिहिता येतं त्यांनी आठवड्यातून एक दिवस द्यावा. फॉर्म सगळे कन्नडमध्ये आहेत आणि बाप सहीच्या जागी अंगठा शोधत उभा राहतो.

पहाऱ्याचा तक्ता देवळाच्या खांबावर लावला आहे. सोमवार ते शुक्रवार दिवसाचे पहारे भरले. शनिवारची रात्र, रविवारची रात्र आणि एकादशीचा अख्खा दिवस रिकामा आहे.

आपले,
पारायण मंडळ