चिक्कूच्या कागदाची गोष्ट

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया
१८ फेब्रुवारी २०२४

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

(बाबा, मायना बरोबर आहे ना? तुम्ही शिकवलेला एवढाच लक्षात राहिलाय.)

पत्र बघून आधी घाबरू नका. नोकरी आहे, तब्येत बरी आहे, तुमची एप्रिलची तिकिटंही पक्की आहेत. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण आपल्या व्हिडिओ कॉलची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे. आईचं अर्धं कपाळ दिसतं, बाबा मागून "आवाज येतोय का" विचारत राहतात, आणि मी काही महत्त्वाचं बोलायला तोंड उघडलं की कुकरची शिट्टी होते. म्हणून टाइप करून दादाला पाठवतेय. तो प्रिंट काढून आणून देईल. त्याने वाचलं तरी चालेल, त्याला बरंचसं माहीत आहे.

तर पहिली गोष्ट. कॉलवर मागे जे भुंकतं ते शेजाऱ्यांचं कुत्रं नाही. माझं आहे. दोन वर्षं झाली. नाव चिक्कू, कारण रंग तस्सा. प्राण्यांच्या शेल्टरमधून आणला तेव्हा त्याच्या पिंजऱ्यावर 'शेफर्ड मिक्स', म्हणजे शेफर्ड जातीची भेसळ, असं लिहिलेलं होतं. वजन ५२ पौंड, म्हणजे साडेतेवीस किलो. आई, तू आत्ता कपाळावर हात मारलास ना? तुझे देव आतल्या खोलीत ठेवलेत, त्या खोलीचं दार लागतं आणि तो तिथे जात नाही. केस गळतात, ते मी रोज व्हॅक्यूम करते. पुढचं ऐक.

दुसरी गोष्ट म्हणजे या घराच्या ऑफिसात, म्हणजे जिथून घरं भाड्याने देतात तिथे, माझ्या फाइलमध्ये एक पत्र लावलेलं आहे. माझ्या थेरपिस्टने, म्हणजे मनाच्या आजारावर उपचार करणाऱ्या बाईंनी दिलेलं. तुम्ही इथे सहा महिने राहणार, ऑफिसातली मुलगी बोलघेवडी आहे, तिच्याकडून अर्धवट कानावर पडण्यापेक्षा माझ्याकडून पूर्ण कळलेलं बरं.

इथे भाड्याच्या घरात कुत्रं ठेवायचं तर वेगळे पैसे पडतात. जुन्या घरी मी महिन्याला ५० डॉलर 'पेट रेंट' भरत होते. म्हणजे चिक्कूचं भाडं. डिसेंबरमध्ये ती बिल्डिंग दुरुस्तीला काढली आणि मला घर शोधावं लागलं. हे घर सगळ्या दृष्टीने चांगलं, ऑफिसपासून वीस मिनिटं, खाली इंडियन ग्रोसरी. पण नियम असा की कुत्रं ३५ पौंडांच्या आतलं हवं, आणि शेफर्ड जात तर न चालणाऱ्या कुत्र्यांच्या यादीतच. चिक्कू दोन्हींत नापास.

मात्र डॉक्टर किंवा थेरपिस्टने लेखी दिलं, की या व्यक्तीला आजारामुळे हा प्राणी सोबत असणं गरजेचं आहे, तर घरमालकाला सहसा वजनाचा आणि जातीचा नियम बाजूला ठेवावा लागतो. पेट रेंट घेता येत नाही, डिपॉझिटही नाही. याला इथे 'इमोशनल सपोर्ट ॲनिमल' म्हणतात. बाबा, तुम्हाला कलम-पोटकलम आवडतं म्हणून सांगते. मूळ कायदा १९६८ चा, फेअर हाउसिंग ॲक्ट. मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या झाली ४ एप्रिलला आणि ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली. तेव्हा तो वंश, रंग, धर्म असल्या कारणांवरून घर नाकारण्याविरुद्ध होता. अपंगत्वाचा समावेश त्यात १९८८ मध्ये झाला. म्हणजे काळ्या माणसांना घर मिळावं म्हणून माणसं लढली, आणि त्या कायद्याच्या एका कोपऱ्यात आज माझा चिक्कू बसलाय. मला हे कळलं तेव्हा जरा संकोचच वाटला.

आता 'आजारामुळे' म्हणजे काय, ते. इथेच मी दोनदा लिहून खोडलं.

बाबा, मे २०२१ मध्ये कोविडमुळे तुम्ही १९ दिवस हॉस्पिटलमध्ये होतात. दुपारी अडीचच्या सुमारास डॉक्टरांचा राउंड संपला की दादा मला मेसेज करायचा. तुमचे दुपारचे अडीच म्हणजे माझे रात्रीचे दोन. मी अंथरुणात फोन छातीवर ठेवून बसायची. "आज ऑक्सिजन ८८." "आज ९१." एक दिवस नुसतंच "थांब, सांगतो," आणि मग चाळीस मिनिटं काही नाही. ती चाळीस मिनिटं मी बाथरूमच्या फरशीवर बसून काढली, कारण तिथे नेटवर्क चांगलं यायचं. निघून यावं म्हटलं तर ४ मेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर बंदी घातलेली. नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना सूट होती, माझ्यासारख्या एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांना नाही. माझा व्हिसाचा स्टॅम्पही संपलेला. आले असते तर परत जायचा रस्ता बंद. आई म्हणाली होती, "तू येऊ नकोस, आल्यावर तरी काय करणार?" ती बरोबरच होती. तुम्ही घरी आलात, मूग डाळीची खिचडी खाल्लीत, दादाने फोटो पाठवला. सगळं संपलं असं मला वाटलं.

पण माझ्या अंगाला ते कळलं नाही. त्यानंतर रोज रात्री दोनला जाग यायची. छाती धडधडायची, हातांना मुंग्या, श्वास पुरायचा नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा हार्ट अटॅक समजून इमर्जन्सीत गेले. ईसीजी नॉर्मल. त्याला पॅनिक अटॅक म्हणतात हे तिथल्या नर्सने सांगितलं. भारताचा नंबर फोनवर दिसला की, अगदी दादाने वाढदिवसाचं विचारायला केला तरी, घशाला कोरड पडायची. ऑक्टोबर २०२२ पासून मी थेरपिस्टकडे जाते, दर बुधवारी. तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही मनाला लावून घेतलं असतंत. 'माझ्यामुळे पोरीला' वगैरे. तसलं काही नाही. आजारी तुम्ही पडलात, यात तुमचा काय दोष?

आता कागद कसा मिळवला ते ऐका. बाबा, इथे ओरडायला परवानगी आहे.

माझ्या नोकरीच्या ऑफिसातला एक जण म्हणाला, "ऑनलाइन काढून टाक, सगळे काढतात." एका वेबसाइटवर दहा प्रश्न होते, 'तुम्हाला उदास वाटतं का' छापाचे. हो, हो, हो करत गेले. पाच मिनिटांत 'अभिनंदन', आणि १४९ डॉलर कापले गेले. चार दिवसांनी टपालाने चिक्कूचा फोटो असलेलं प्लॅस्टिकचं ओळखपत्र, एक नंबर आणि लाल रंगाचं जॅकेट आलं. ओळखपत्रावर चिक्कू अगदी पोलिस पाटलासारखा दिसतो. ते मी ऐटीत घराच्या ऑफिसात दिलं. तिथल्या बाईंनी ते दोन बोटांनी उचललं, उलटसुलट केलं आणि माझ्याकडे सरकवलं. "हे नको. तुम्हाला कोणी खरंच बघतं का?"

पैसे पाण्यात गेले. अशा प्राण्यांची सरकारी नोंदणी मुळात अस्तित्वातच नाही, ना देशाची, ना राज्याची. नोंदणी असते ती प्रत्येक कुत्र्याची, रेबीजच्या लशीची, आणि ती चिक्कूची आधीच झालेली होती. बाकी कार्ड, जॅकेट हा नुसता बाजार.

पुढच्या बुधवारी थेरपिस्टला हे सांगताना मला लाज वाटत होती. तिच्याकडे वर्षभर जात असून मी पत्र वेबसाइटवरून विकत घेतलं होतं! ती हसली नाही. तिने सांगितलं की याच प्रकारांमुळे कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२२ पासून नियम कडक केला. कुत्र्यासाठी असं पत्र द्यायचं तर त्या माणसाशी किमान ३० दिवसांचा उपचाराचा संबंध हवा, गरज आहे की नाही याची तपासणी झालेली हवी, आणि पत्रावर लायसन्सचा प्रकार, नंबर, तारीख, कुठल्या राज्याचं, सगळं हवं. माझे तर चौदा महिने होऊन गेले होते. तरी तिने लगेच लिहून दिलं नाही. अख्खा तास प्रश्न विचारले. रात्री तो काय करतो? तो नसतो तेव्हा काय होतं? शेल्टरमधून आणण्याआधी कशी झोपायचीस, आता कशी झोपतेस?

मी म्हटलं, "तो काहीच करत नाही."

खरंच नाही करत. मी दोनला उठून बसले की तो उठतो, आळस देतो, येऊन माझ्या पावलांवर हनुवटी टेकवतो आणि परत झोपतो. घोरतोसुद्धा. त्याचं डोकं जड आहे, पाय हलवता येत नाहीत. मग मी त्याचे श्वास मोजत बसते, आणि मोजता मोजता माझाही श्वास त्याच्याबरोबर चालायला लागतो. तीस-पस्तीसपर्यंत जाते, पुढचं आठवत नाही. आधी मी पहाटे पाचपर्यंत जागी असायची.

थेरपिस्ट म्हणाली, हेच लिहायचं. शिकवलेलं काम करणारा कुत्रा वेगळा, त्याला इथे 'सर्व्हिस डॉग' म्हणतात. आंधळ्या माणसाला रस्ता दाखवणारा वगैरे. त्याला हॉटेलात, दुकानात, सगळीकडे जाता येतं. चिक्कू काही शिकलेला नाही, त्याचा हक्क घरापुरता. खोटं सांगून त्याला सर्व्हिस डॉग म्हणून फिरवलं तर कॅलिफोर्नियात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, हेही तिने बजावलं. ते बजावणंही नियमातच आहे म्हणे. विमानातही २०२१ पासून कंपन्यांना अशा प्राण्याला सोबत घेणं बंधनकारक राहिलेलं नाही.

पत्र एका पानाचं आहे. त्यात आजाराचं नाव नाही. घरमालकाला ते विचारता येत नाही. त्यांच्या फॉर्मवर मात्र 'निदान लिहा' असा रकाना होता. तो मी रिकामा सोडला, हात थरथरत होता तरी सोडला, आणि कोणी काही बोललं नाही. सहाव्या दिवशी मंजुरीचा ईमेल आला. पेट रेंट माफ. चिक्कूने दार ओरबाडलं तर मात्र भरपाई माझ्याच खिशातून, ते योग्यच आहे.

एक शब्द त्यात आहे, तो मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते. 'डिसॅबिलिटी', म्हणजे अपंगत्व. पहिल्यांदा माझ्या नावासमोर तो वाचला आणि कागद उलटा करून ठेवला. आई, तुझ्या डोक्यात लगेच लहान आत्याच्या मुलाची कुबडी येईल, लोक काय म्हणतील ते येईल. माझ्याही आलं होतं. पण इथे कायद्याला एवढंच विचारायचं असतं, की रोजचं एखादं मोठं काम या माणसाला आजारामुळे जड जातं का? माझ्या बाबतीत ते काम म्हणजे झोप. काकूला सांगायचं की नाही ते तू ठरव. मला विचारशील तर सांग, पण तिला 'वेड' हा शब्द वापरू देऊ नकोस.

बाबा, आता तिसऱ्या मजल्याबद्दल. २०१६ मध्ये त्या ताईंनी कुत्रं आणलं तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून नोटीस तुम्हीच लिहिली होती. "आवारात श्वान पाळण्यास सक्त मनाई आहे." 'श्वान' वाचून मी तेव्हा पोट धरून हसले होते. पण त्याच्या आदल्याच वर्षी, २०१५ मध्ये, आपल्याकडच्या ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने लिहून ठेवलंय की बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. तुमची नोटीस चुकीची होती. ताई एकट्या राहायच्या, काका जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी तेव्हा घरीच होते, आणि मीसुद्धा काही बोलले नाही. निघण्याआधी एकदा त्यांच्याकडे जाऊन याल का? चहाला म्हणून.

बाकी कामाचं. थंडी जाते एप्रिलपर्यंत, पण आईसाठी पातळ स्वेटर आणा. गोडा मसाला आणा, लोणचं नको, मागच्या वेळी बॅगेत फुटलं होतं. चिक्कू एअरपोर्टवर येणार नाही, दारात एकदा भुंकेल आणि मग बाबांच्या चपला पळवेल, त्या वरच्या खणात ठेवायच्या. त्याला पोळी आवडते. पण कांदा-लसूण लागलेली अजिबात द्यायची नाही, कुत्र्यांना ते विष असतं.

आणि रात्री दोनच्या सुमारास हॉलमधून नखांचा टकटक आवाज आला तर उठू नका. तो माझ्या खोलीकडे निघालेला असतो.

तुमची,
सोनू