फाईल उघडत नाही म्हणून फोन रीसेट करायला सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मोबाईलच्या अडचणींवर जे सदर येतं ते मी पहिल्यापासून वाचते, आणि त्यातलं बरंच काही कामाचं असतं हेही खरं. पण डाउनलोड अडकलं, फाईल उघडत नाही, साईट उघडत नाही, प्रश्न कुठलाही असो, उत्तराच्या शेवटी "तरीही न झाल्यास फॅक्टरी रीसेट करा" (म्हणजे फोनमधलं सगळं पुसून तो नवा होता तसा करा) हे वाक्य असतंच. या एका वाक्याबद्दल लिहायचं होतं, कारण आमच्या घरात याच सल्ल्यामुळे जे गेलं ते परत आलेलं नाही.

माझ्या आत्याला तिचा तपासणीचा रिपोर्ट डाउनलोड करायचा होता. लिंक ईमेलमध्ये आली होती, तिने त्यावर टॅप केलं, लॉगिन केलं, रिपोर्ट दिसला, डाउनलोडचं बटण दाबलं, खाली "डाउनलोड पूर्ण" असंही आलं, पण फाईल उघडायला गेलं की "ही फाईल उघडता येत नाही". दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. कुणीतरी तिला सांगितलं की फोनमध्ये व्हायरस आहे, रीसेट मारा. तिने मारला. फोटोंचा बॅकअप नव्हता, आणि आजच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा असतो, रीसेटमध्ये त्याची किल्लीच पुसली जाते, त्यामुळे नंतर कुठलंही रिकव्हरीचं अ‍ॅप आणा, काही हाती लागत नाही. काकांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो त्यात होते. आणि रीसेट झाल्यावर पुन्हा तीच लिंक उघडली, पुन्हा तेच, "ही फाईल उघडता येत नाही".

मग फोन माझ्याकडे आला. मी आधी फाईलचा साईझ बघितला, १४ केबी. चार पानांचा रिपोर्ट, त्यात छापलेला लोगो आणि सही, आणि १४ केबी? तिथेच शंका आली. फाईल मॅनेजरमध्ये जाऊन नावाच्या शेवटचं पीडीएफ काढून तिथे एचटीएमएल (वेबपानाच्या फाईलला हे लावतात) लिहिलं आणि ब्राउझरमध्ये उघडली, तर समोर काय, लॉगिनचं पान! म्हणजे फाईल बिघडलेली नव्हतीच, ती रिपोर्टची फाईलच नव्हती. झालं असं होतं की ईमेलच्या अ‍ॅपने लिंक आपल्या आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडली, लॉगिन तिथे झालं, पण डाउनलोडचं काम त्याने फोनच्या डाउनलोड मॅनेजरकडे सोपवलं आणि लॉगिनची ओळख, म्हणजे कुकी, सोबत दिलीच नाही. सर्व्हरला, म्हणजे साईट जिथे ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरला, वाटलं हा कुणी परका आलाय, त्याने लॉगिनचं पान पुढे केलं, आणि फोनने ते पान रिपोर्टच्या नावाने सेव्ह करून ठेवलं. वर तीन टिंबांवर टॅप करून "ब्राउझरमध्ये उघडा" केलं, क्रोममध्ये परत लॉगिन केलं, दोन मिनिटांत रिपोर्ट मिळाला. व्हायरस नाही, फोनही खराब नाही, आणि फोटो मात्र गेले ते गेलेच.

तेव्हापासून मी नातेवाइकांच्या, ओळखीच्यांच्या फोनमध्ये असं काही अडलं की पहिल्यांदा एकच गोष्ट शोधते, अडलंय कुठे. फाईल फोनमध्ये येते म्हणजे ती एका सर्व्हरवरून निघते, नेटवर्कवरून येते, एखादं अ‍ॅप ती घेतं आणि स्टोरेजमध्ये लिहिली जाते. या चारांपैकी एका ठिकाणी अडलेलं असतं, आणि रीसेटने यातलं फार तर एखादं बदलतं, सर्व्हर आणि नेटवर्कला तर तुमच्या रीसेटचा पत्ताही नसतो. म्हणून आधी तीच लिंक वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघायची, मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघायची, मग दुसऱ्याच्या फोनवर बघायची. दुसऱ्याच्या फोनवरही होत नसेल तर तुमच्या फोनला हात लावायचंच कारण नाही, साईटवाल्यांकडे गडबड आहे, थोड्या वेळाने बघा. मोबाईल डेटावर होतंय आणि वायफायवर नाही तर राउटरकडे बघा. एवढ्यानेच निम्मं काम होतं, आणि यात काहीही डिलीट करावं लागत नाही.

स्टोरेजचा एक प्रकार मात्र भल्याभल्यांना चकवतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. एका मैत्रिणीला कार्यक्रमाचा सहा जीबीचा व्हिडिओ फोनमधून मेमरी कार्डवर न्यायचा होता. कार्डात वीस जीबी मोकळे दिसत होते आणि तरी दर वेळी कॉपी मध्येच थांबायची आणि फोन म्हणायचा कॉपी झाली नाही, बाकी काहीच नाही. तिने तीन कार्डं बदलली, तिन्ही ३२ जीबीची. अडचण कार्डाच्या फॉरमॅटमध्ये होती. ३२ जीबीपर्यंतची कार्डं साधारणपणे फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात, ही पद्धत १९९६ मधली आहे, आणि त्यात एका फाईलचा साईझ लिहायला जी जागा ठेवलीय त्यात ४,२९,४९,६७,२९५ बाइट्सच्या पुढचा आकडा बसतच नाही. म्हणजे चार जीबीच्या वरची एक अख्खी फाईल त्या कार्डावर जाऊच शकत नाही, मग कार्ड कितीही रिकामं असो. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात, तिथे ही अडचण नाही. तिला व्हिडिओचे दोन तुकडे करून दिले, दोन्ही गेले. फोनने "फाईल या कार्डासाठी फार मोठी आहे" एवढं एक वाक्य दाखवलं असतं तर तिचे तीन दिवस वाचले असते, याचा मला खरंच राग येतो.

फोनमधून कॉम्प्युटरवर फोटो घेताना लोक म्हणतात केबल लावली तरी कॉम्प्युटरला फोन दिसतच नाही. अँड्रॉइड फोन केबल लावल्यावर आपण होऊन फक्त चार्जिंगवर जातो, वरून नोटिफिकेशन खाली ओढायचं, यूएसबीच्या ओळीवर टॅप करायचं आणि "फाईल ट्रान्सफर" निवडायचं, आणि त्याआधी फोन अनलॉक करायचा. तो पर्याय येतच नसेल तर केबल बदलून बघा, कितीतरी केबल्समध्ये फक्त चार्जिंगच्याच तारा असतात, डेटाच्या नसतातच, बाहेरून कळतही नाही. आयफोनवरून घेतलेले फोटो कॉम्प्युटरवर उघडत नसतील तर ते एचईआयसी फॉरमॅटमध्ये असणार, हे २०१७ ला आयओएस ११ सोबत आलं, सेटिंगमध्ये फोटोज् मध्ये अगदी खाली "ऑटोमॅटिक" निवडलं की केबलने नेताना ते जेपेग होऊन जातात. फोटो खराब झालेत असं समजून कुणी डिलीट करू नका, प्लीज.

ब्लूटूथने मोठा व्हिडिओ पाठवू नका, एक जीबीला तासाच्या वर जातं आणि मध्ये तुटलं की पहिल्यापासून. दोन्ही अँड्रॉइड असतील तर क्विक शेअर (आधी याचंच नाव निअरबाय शेअर होतं, २०२४ मध्ये बदललं), दोन्ही आयफोन असतील तर एअरड्रॉप. एअरड्रॉपमध्ये "एव्हरीवन" निवडलेलं दहा मिनिटांनी आपोआप बंद होतं, काल दिसत होता आज फोन दिसत नाही याचं कारण बहुतेक वेळा हेच. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की तो लहान केला जातो, तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला जुना व्हिडिओ डाउनलोड होत नसेल तर तो फोनचा दोष नाही, सर्व्हरवर तो कायमचा ठेवत नाहीत, पाठवणाऱ्याला परत पाठवायला सांगायचं, बस.

साईट उघडत नाही याचंही तसंच. "तुमचं कनेक्शन खासगी नाही" असं आलं की लोक घाबरतात, आधी फोनची तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरून फोन बरेच दिवस पडून होता की तारीख कधीकधी मागे जाते, आणि प्रत्येक साईटच्या प्रमाणपत्राला (ही साईट खरी आहे याचा डिजिटल दाखला) अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, फोन चुकीच्या सालात असला की त्याला सगळीच प्रमाणपत्रं खोटी वाटतात. तारीख-वेळ ऑटोमॅटिक केली की सुटतं. तारीख बरोबर असून एकाच साईटवर हे येत असेल तर मात्र तिथे पासवर्ड टाकू नका, पुढे जाऊच नका. फोन फार जुना असेल तर त्यातली विश्वासू प्रमाणपत्रांची यादीच जुनी असते, ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट ही साईटना प्रमाणपत्रं देणारी संस्था ज्याच्या भरवशावर होती ते जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं तेव्हा बऱ्याच जुन्या उपकरणांवर चांगल्या साईटही उघडेनाशा झाल्या होत्या. फायरफॉक्स ही यादी स्वतःची बाळगतो, त्यामुळे तो इन्स्टॉल होत असेल तर जुन्या फोनवर करून बघण्यासारखा आहे. इथे रीसेट केलात तर उलट होतं, ब्राउझर कारखान्यातून आला होता त्या जुन्या व्हर्जनवर जातो आणि आधी उघडत होतं तेही उघडत नाही!

सार्वजनिक वायफायला फोन जोडलेला दिसतो पण काहीच उघडत नाही, तेव्हा बहुतेक त्यांचं साइन-इनचं पान अडलेलं असतं. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या नावावर टॅप करून बघा, व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवून आणणारं अ‍ॅप) चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. आणि अँड्रॉइड ९ पासून "प्रायव्हेट डीएनएस" म्हणून एक सेटिंग आलंय (डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरून ती कुठे आहे ते शोधून देणारी सेवा), जाहिराती बंद होतात असं कुणीतरी सांगतं म्हणून लोक तिथे एक पत्ता टाकून ठेवतात आणि विसरतात, तो पत्ता बंद पडला की वायफाय फुल, डेटा फुल, आणि एकही साईट उघडत नाही. ते ऑटोमॅटिकवर आणलं की क्षणात सगळं सुरू होतं. असे दोन फोन मी स्वतः बघितलेत, दोन्हींना रीसेटचा सल्ला मिळाला होता.

साईट आणि अ‍ॅप बनवणारेही आपला पेपर वाचतात, म्हणून त्यांनाही सांगायचंय. थांबलेलं डाउनलोड जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होणं हे तुमच्या सर्व्हरवर अवलंबून आहे, फोन "इथपासून पुढचं दे" असं विचारतो आणि तुमच्या सर्व्हरने ते मानलं नाही तर ९५ टक्क्यांवर तुटलेली फाईल माणसाला शून्यापासून परत घ्यावी लागते, आणि डेटा त्याचा जातो. लॉगिनची मुदत संपली असेल तर तसं सांगा, पीडीएफच्या जागी लॉगिनचं पान देऊ नका. लिंकच्या बाजूला फाईलचा साईझ लिहा, म्हणजे आपल्याकडे आलेली पूर्ण आहे की नाही हे कुणालाही पडताळता येईल. "काहीतरी चूक झाली" हे काही कारण नाही, माणूस त्यातून एवढंच समजतो की चूक आपलीच झाली. आत्याही तेच म्हणत होती, मलाच जमत नाही गं.

एक अजून, डाउनलोड होत नाही म्हणून वैतागलेला माणूस मिळेल त्या बटणावर टॅप करतो, आणि बऱ्याच साईटवर सर्वात मोठं हिरवं "डाउनलोड" बटण ही जाहिरात असते. फाईलच्या नावात पीडीएफ आणि अगदी शेवटी एपीके असेल तर तो कागद नाही, ते अ‍ॅप आहे, इन्स्टॉल करू नका, फोन परवानगी मागेल तिथे नाही म्हणा.

संपादक महोदय, सदर बंद करा असं मी मुळीच म्हणत नाहीये. वाचकांकडून प्रश्न मागवताना त्यांना एवढं विचारा: फाईलचा साईझ किती दिसतो, नावाच्या शेवटी काय आहे, लिंक कुठल्या अ‍ॅपमध्ये उघडली, आणि दुसऱ्या फोनवर तेच होतं का. उत्तर देणाऱ्यालाही सोपं जाईल. आणि रीसेटचं वाक्य छापायचंच असेल तर त्याच्या आधी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, बॅकअप कसा घ्यायचा आणि तो खरंच झालाय हे दुसऱ्या उपकरणावर उघडून कसं बघायचं, हे छापा.

आपली,
एक नियमित वाचक