विषय: सहा खुर्च्यांच्या गादीसंचातील कमी घनतेचा फोम, सुटणारे रेक्झिन आणि 11 सप्टेंबरचा फोन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

ऑर्डर क्रमांक, पावती आणि फोटो सोबत जोडले आहेत. संचात काय काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

7 जुलै 2025 ला तुमच्या संकेतस्थळावरून मी सहा खुर्च्यांच्या बैठका घरी नव्याने करायचा संच (फोम, रेक्झिन, तागाचा पट्टा, पिना) 8,640 रुपयांना मागवला. तो 14 जुलैला डिचोलीला पोहोचला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘40 डेन्सिटी फोम’ असं छापलेलं आहे. आत जो फोम आला तो घनमीटरला 23 किलोच्या आसपास भरतो. हे मी हाताने दाबून ठरवलेलं नाही, वजन करून ठरवलं आहे. ते कसं केलं हे पुढे लिहिते, कारण तुमच्या माणसाने ते फोनवर ऐकून घेतलं नाही.

या खुर्च्या माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळच्या, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या आधीच्या. शिसवी, पाठीला कोरीव काम, आणि बैठक सुटी, चौकटीत वरून बसवायची. जेवणाच्या टेबलाला त्याच आहेत आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घर भरलं की बाहेर बलकांवातही (दारापुढच्या ओसरीत) त्याच जातात. दोन वर्षांपासून बैठका खचल्या होत्या. म्हापशाच्या गादीवाल्याने पावसाळा संपल्यावर या म्हणून सांगितलं. मला चवथीच्या आधी हव्या होत्या, शिवाय आपल्या हाताने करायची इच्छाही होती, म्हणून तुमचा संच घेतला.

पहिली बैठक उलटी केली तेव्हा आत काय निघालं ते तुम्हाला कळायला हवं. खालचं कापड काढलं तर तागाचे पट्टे उभे-आडवे विणलेले, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्याचा जाड थर, वर कापसाची पातळ गादी आणि मग कापड. चपट्या डोक्याच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, एका ओळीत, बोटभर अंतरावर ठोकलेल्या. ज्याने हे केलं त्याचं नाव घरात आता कुणाला आठवत नाही. बहात्तर सालानंतर या बैठकांना कुणी हात लावला नव्हता, असं सासूबाई सांगत. पट्टे तुटले होते, काथ्याचा भुगा झाला होता, पण एकही चूक जागची हललेली नव्हती. त्या काढायला मला एका बैठकीला दीड तास लागायचा, पेचकसाची धार लाकडाला लागणार नाही अशा बेताने. सहावी बैठक मी मुद्दाम उघडलेली नाही. अडलं की ती समोर ठेवून बघत होते.

तुमच्या चित्रफितीत हे काम चाळीस मिनिटांचं दाखवलं आहे. मला पाच बैठकांना तेरा दिवस लागले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, जुन्या लाकडाचं काम असंच चालतं. पट्टा एका टोकाला ठोकायचा, फळीच्या तुकड्याला गुंडाळून ताणायचा, बोटाने वाजवला तर ढोलकीसारखा बोलला पाहिजे, मगच दुसरं टोक ठोकायचं. कापड चारही बाजूंच्या मध्यातून ओढत कोपऱ्यांकडे न्यायचं आणि कोपऱ्यांच्या चुण्या शेवटी घालायच्या. हे सगळं मी केलं. फोटोत दिसेल.

पण तागाचा पट्टा 12 मीटर दिला होतात. एका 18 इंचाच्या बैठकीला तीन उभे, तीन आडवे पट्टे लागतात, टोकं दुमडायला धरून प्रत्येकी 22 इंच. म्हणजे बैठकीला साधारण 3.35 मीटर. चौथ्या खुर्चीच्या मध्येच तुमचा पट्टा संपला. उरलेला मी शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून आणला. सहा खुर्च्यांना 20 मीटर पट्टा लागतो हे संच बनवणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

आणखी एक गोष्ट तुमच्या चित्रफितीत कुठेच नाही. सुटी बैठक चौकटीत बसते, तेव्हा नव्या कापडाची जाडी धरून बाजूला थोडी फट ठेवावी लागते. जुनं सुती कापड पातळ होतं, तुमचं रेक्झिन जाड. पहिली बैठक दाबून बसवली आणि खुर्चीच्या मागच्या पायाचा सांधा फाकला. इतक्या वर्षांचा सांधा माझ्या हाताखाली सुटला. त्या रात्री मी जेवले नाही. गावातल्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, सरेस लावून, दोरीने आवळून तो बसवून दिला आणि बाकीच्या बैठकांच्या कडा रंध्याने जराशा उतरवायला शिकवलं. चित्रफितीत एक वाक्य असतं तर हे टळलं असतं.

आता फोम. 27 जुलैला पाचही बैठका पूर्ण झाल्या. 15 ऑगस्टला त्या मध्ये दबलेल्या दिसायला लागल्या. दोन इंचांचा फोम दीड इंचावर आला होता आणि उठल्यावर परत वर येत नव्हता. चवथीच्या दिवशी, 27 ऑगस्टला, माझ्या आतेसासूबाई आल्या. वय ब्याऐंशी, गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. घुमट वाजवून होणाऱ्या आरतीला त्यांच्यासाठी यातलीच एक खुर्ची मांडली होती. बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “सकयल (खाली) पट्टे लागतात गो.” आरतीला जमलेल्या माणसांसमोर मी त्यांना उठवून पलंगावरची उशी आणून घातली. नव्या केलेल्या खुर्चीवर उशी घालावी लागली.

चवथ झाल्यावर मी एक बैठक पुन्हा उघडली आणि फोमचा तुकडा कोपऱ्यावरच्या वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. फोमची डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. माझा तुकडा 18 इंच बाय 18 इंच बाय 2 इंच, म्हणजे सुमारे 0.0106 घनमीटर. 40 डेन्सिटीचा असता तर त्याचं वजन 425 ग्रॅमच्या आसपास भरायला हवं होतं. काट्यावर आलं 245 ग्रॅम. मग उरलेल्या चारही बैठका उघडल्या. वजनं आली 240, 245, 250 आणि 245. काट्यावरचे आकडे दिसतील असे फोटो जोडले आहेत. दबलेला फोम वजनाने कमी होत नाही, त्यामुळे वापराचं कारण इथे सांगता येणार नाही.

तुमच्याकडे मी पहिला फोन 18 ऑगस्टला केला. दुसऱ्या दिवशी लेखी तक्रारही पाठवली. त्यानंतर चार फोन झाले. पहिल्या मुलीने फोटो मागितले, दुसरीने तेच फोटो पुन्हा मागितले, तिसऱ्याने वरिष्ठ फोन करतील म्हणून सांगितलं, चौथ्याने फोन ठेवून दिला. यांच्याविषयी आणखी लिहीत नाही. कालच्या फोनविषयी मात्र सगळं लिहिते.

11 सप्टेंबर, सकाळी अकरा चाळीस. बावीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक तरुण बोलायला आला. मी ऑर्डर क्रमांक दिला आणि सांगितलं, फोम चाळीसचा नाही, मी वजन केलं आहे. तो म्हणाला, “मॅडम, फोम दाबून बघितलात का, कडक आहे ना?” मी म्हटलं, कडकपणा वेगळा आणि घनता वेगळी, कमी घनतेचा फोमही सुरुवातीला कडक लागू शकतो, टिकणार किती ते घनता ठरवते. थोडा वेळ शांतता. मग त्याने विचारलं, “खुर्च्या किती वर्षांच्या आहेत?” मी म्हटलं, साठ-सत्तर वर्षांच्या तरी असतील. तो म्हणाला, “मग मॅडम, इतक्या जुन्या खुर्चीला आमची गॅरंटी लागू होत नाही.”

मी त्याला सांगितलं की तुमच्या खोक्यावरच ‘जुनी खुर्ची नवी करा’ असं छापलं आहे. जुन्या खुर्चीला लागू नसेल तर हा संच कुणासाठी आहे? त्यावर तो म्हणाला, “गोव्यात पावसाळ्यात हवा दमट असते, त्याला कंपनी काय करणार?” मी म्हटलं, दमट हवेने फोमचं वजन 425 वरून 245 वर येत नाही. मी आकडे परत वाचून दाखवायला लागले, लांबी, रुंदी, जाडी. मध्येच थांबवून तो म्हणाला, “मॅडम, घरात कोणी जेंट्स आहेत का? त्यांना फोन द्या, मी त्यांना टेक्निकली समजावतो.”

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. तुमच्याकडे फोन ध्वनिमुद्रित होतात, ऐकून घ्या.

माझे पती समोरच बसले होते. त्यांनी या पाच खुर्च्यांतली एक चूकही काढलेली नाही, एक पिनही मारलेली नाही, आणि ते तसं सगळ्यांना अभिमानाने सांगतात. चुका मी काढल्या, पट्टे मी ताणले, वजन मी केलं, हिशेब मी केला. बत्तीस वर्षं मी माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. तीन बाजूंचा गुणाकार मला पुरुषामार्फत समजून घ्यायची गरज नाही. मी त्या मुलाला विचारलं, तुला एका घनमीटरचं वजन काढता येतं का? त्याने उत्तर दिलं नाही. “तुमची तक्रार क्लोज करतो” म्हणाला आणि केलीही. पाच मिनिटांत मोबाइलवर संदेश आला, ‘ग्राहकाचे समाधान झाले आहे.’ माझं कसलंही समाधान झालेलं नाही. हा खोटा शेरा तुमच्या नोंदीतून काढून टाका.

त्या मुलाची नोकरी जावी अशी माझी इच्छा नाही. त्याला कुणीतरी हेच बोलायला शिकवलं असणार, आणि ज्याने शिकवलं त्याने हे पत्र वाचावं.

रेक्झिनविषयीही लिहायला हवं. दोन बैठकांच्या कोपऱ्यांवर, जिथे ते ताणलं आहे तिथे, वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो आहे. पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू विघटित होतो आणि तो न वापरता गोदामात पडून राहिला तरी जुना होतो. म्हणून मी खोक्यावर निर्मितीचा महिना-वर्ष शोधलं. ते कुठेच नाही. पाकीटबंद मालावर निर्मितीचा महिना-वर्ष छापणं कायद्याने बंधनकारक आहे, हे कंपनीला मी सांगायची वेळ यायला नको होती. संचातल्या स्टेपल पिनाही साध्या लोखंडाच्या आहेत. महिन्याभरात गंज धरून खालच्या काळ्या कापडाला डाग पडले. त्या शिसवी लाकडात पुरत्या शिरतही नव्हत्या, बैठकीची आतली चौकट हलक्या लाकडाची होती म्हणून काम भागलं.

फोम चाळीसचा नाही हे पुन्हा लिहिते, कारण मूळ मुद्दा तोच आहे आणि प्रत्येक फोनवर तुम्ही तोच सोडून बाकी सगळं बोललात. चाळीस छापून तेवीस दिलात. माझ्या जावेने आणि शाळेतल्या दोन जुन्या सहकाऱ्यांनी माझ्या सांगण्यावरून तुमच्याकडूनच संच मागवले आहेत. त्यांना आता काय सांगू?

मला सहा बैठकांचा खऱ्या 40 डेन्सिटीचा फोम हवा आहे, एकेका बैठकीचा तुकडा 425 ग्रॅम भरेल असा. त्याबरोबर निर्मितीची तारीख असलेलं रेक्झिन, कमी पडलेला आठ मीटर पट्टा आणि गंज न धरणाऱ्या पिना. हे जमत नसेल तर पूर्ण 8,640 रुपये आणि मेस्ताला दिलेले 700 रुपये परत करा. आणि कालच्या वाक्याबद्दल लेखी दिलगिरी, फोनवरची नको.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायला हवी होती आणि महिन्याच्या आत निवारण करायला हवं. पोच आजवर आलेली नाही. माझी लेखी तक्रार 19 ऑगस्टची आहे, म्हणजे महिना 19 सप्टेंबरला संपतो. त्या दिवसापर्यंत वाट पाहीन. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. निवृत्त आहे, वेळ आहे. फोमचे पाचही तुकडे वजनाची चिठ्ठी लावून पिशवीत ठेवले आहेत, तेच आयोगासमोर नेईन.

सध्या पाचही खुर्च्या बैठकांशिवाय भिंतीला लावून उभ्या आहेत. सहावी तेवढी वापरात आहे, जुन्याच काथ्यावर.

फोन करायचा असेल तर संध्याकाळी चारनंतर करा. मीच उचलेन, आणि बोलणं माझ्याशीच होईल.

तुमची ग्राहक,
डिचोली, गोवा
12 सप्टेंबर 2025