मंत्रिमहोदय, रबाब शिकवणाऱ्या माणसाला व्हिसा का नाकारला?

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. मी पुण्याची. आधी सरोद शिकले, आता रबाब हे अफगाणी तंतुवाद्य शिकते. गेल्या आठवड्यात माझ्या उस्तादांचा व्हिसाचा अर्ज नामंजूर झाल्याची एका ओळीची ईमेल आली. कारण दिलेलं नाही. याच अर्जाबद्दल एका अधिकाऱ्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "कलावंतांसाठी मार्ग काढू, काळजी करू नका." त्या शब्दावर मी काबूलला फोन करून त्यांना आशा दाखवली. आता तो फोन पुन्हा कुठल्या तोंडाने करू?

उस्ताद वयाने माझ्याहून लहान. पुण्यात शिकायला आले होते, सुटीच्या दिवशी आम्हा चारपाच जणांना रबाब शिकवायचे. २०२१ च्या उन्हाळ्यात घरी गेले. १५ ऑगस्टला तालिबान काबूलमध्ये शिरले आणि २५ ऑगस्टला आपल्या सरकारने अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले. पदवी अर्धी राहिली, खोलीतलं सामान आम्ही बांधून ठेवलं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते आपण जाणता.

तेव्हापासून शिकवणी फोनवर. तालिबानची संगीतावर बंदी, त्यामुळे त्यांचा रबाब लपवलेला आहे, म्हणून ते हलक्या आवाजात सरगम म्हणतात आणि मी वाजवते. पण परंदकारी फोनवर कशी शिकायची? रबाबात तरफेची, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारांतली, सर्वांत आखूड तार घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जरा उचललेली असते. मुख्य सुरांच्या मधल्या जागेत शाहबाजने, म्हणजे नखीने, ती छेडायची, हीच परंदकारी. मनगट किती वळवायचं, आघात किती हलका ठेवायचा, हे गुरूने हात धरून दाखवावं लागतं. माझा हात तिथेच अडलाय. रियाजाला बसले की रडू येतं, आणि मग राग येतो, आपल्या सगळ्यांचाच.

हे वाद्य परकं आहे असं आपल्या कचेरीत कुणाला वाटत असेल तर सांगते. १९ व्या शतकात अमीर शेर अली खान यांनी हिंदुस्थानी गवय्ये-वादक काबूलला नेले आणि खराबात मोहल्ल्यात वसवले. तिथले वादक पिढ्यानपिढ्या यमन, पिलू, भैरवीच वाजवत आले. आपला सरोद याच रबाबातून घडला. तुतीच्या लाकडाचा आणि कातड्याचा तो देह, त्यावर आपण पोलादी पट्टी आणि धातूच्या तारा चढवल्या. १९७४ साली काबूल रेडिओचे थोर रबाबवादक उस्ताद मोहम्मद उमर सिएटलला वाजवायला बसले, तेव्हा तबल्यावर आपल्या माहीमचे झाकीर हुसेन होते. झाकीरभाई गेले तेव्हा अख्ख्या देशाने श्रद्धांजली वाहिली. मग त्या मैफलीतल्या दुसऱ्या वाद्याचे वारस दारात उभे असताना दार बंद का?

मोहम्मद उमर यांचे शिष्य दाऊद खान सदोजाई आपल्याच अमजद अली खान यांच्याकडे सरोद शिकले, पण राहतात जर्मनीत. हुमायून सखी यांनी रबाब क्रोनोस क्वार्टेट या पाश्चात्त्य वादकांच्या चौकडीच्या व्हायोलिनांशेजारी नेऊन बसवला, तेही अमेरिकेत राहून. काबूलच्या राष्ट्रीय संगीत संस्थेच्या २७३ माणसांना पोर्तुगालने आसरा दिला. पोर्तुगालचा रबाबाशी काय संबंध होता? आपला होता, आणि आपण काय दिलं?

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने रबाब घडवण्या-वाजवण्याची कला वारसा यादीत घेतली. देश चार: अफगाणिस्तान, इराण, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान. आपल्या काश्मीरमध्ये रबाब घरोघरच्या मैफलींत वाजतो, तरी आपलं नाव त्यात नाही. त्याच वर्षी तालिबानच्या 'सदाचार' खात्याने वर्षभरात २१,३२८ वाद्यं नष्ट केल्याचं स्वतः जाहीर केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले, सन्मानाने आले, आणि काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा मिळाला. त्या बैठकीत या जळालेल्या वाद्यांबद्दल एका शब्दाने तरी कुणी विचारलं का?

दूतावास उघडतो तो माणसांसाठी ना? की फक्त खनिजं आणि सुक्या मेव्यासाठी? अर्जात व्यवसायाचा रकाना आहे. उस्तादांनी 'संगीतशिक्षक' लिहिलं, तर तो कागद खिशात घेऊन काबूलच्या रस्त्याने जाणं म्हणजे जिवाशी खेळ. नाही लिहिलं, तर तुम्ही विचारता की येण्याचं प्रयोजन काय. हा अर्ज तयार करणाऱ्याने एकदा तरी त्या रस्त्यावरच्या माणसाचा विचार केला असेल का? आणि हे फक्त व्हिसाचं नाही. या देशात कलावंत महोत्सवाच्या उद्घाटनाला हवा असतो, फोटोला हवा असतो. त्याचं पेन्शन, त्याचं मानधन, त्याचा अर्ज मात्र वर्षानुवर्षं टेबलावरून टेबलावर फिरतो, आणि कोण अडवतंय ते कधीच कळत नाही, कारण कागदावर कुणाची सहीच नसते.

मला सहानुभूती नको. नकाराचं कारण लेखी हवं, सहीनिशी. अर्ज पुन्हा उघडा. धोक्यात असलेल्या वादकांना आपला व्यवसाय कागदावर न लिहिता, थेट दूतावासात सांगता येईल अशी सोय करा. अर्जाचा क्रमांक मी आपल्या कार्यालयाकडे वेगळा पाठवला आहे. उत्तर आलं नाही तर पुढचं पत्रही असंच सगळ्यांसमोर लिहीन.

आपली,
रबाबाची एक विद्यार्थिनी, पुणे